नसलेल्या संघाचे झेंडे

मास्तरांनी आयुष्यात एकदाच फुटबॉलला पाय लावला होता, शाळेत असताना. चेंडू जागेवर राहिला आणि पायातला बूट उडून गोलात गेला. तो गोल धरायला हवा होता असं मास्तरांचं आजही मत आहे, आणि त्यावर ते अर्धा तास बोलू शकतात.

मास्तर एका झेंड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. वय सत्तावन्न, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कानामागे खडू, गळ्यात टेप. कापडाचे थर एकावर एक रचायचे, वर खडूने रेघ मारायची आणि एका दमात शंभर शंभर पट्ट्या कापून मोकळं व्हायचं, हे त्यांचं काम. इतक्या वर्षांत त्यांची रेघ केसभर हलली नाही की कापड वाया गेलं नाही, हे मालक स्वतः आल्यागेल्याला सांगत. त्यांच्या फुटबॉलच्या अंदाजांबद्दल मात्र मालक काही बोलत नसत, कारण ते बोलण्यासारखे नव्हते. मास्तर ज्या संघाला डोळे झाकून फायनलला पाठवत, तो संघ दुसऱ्याच दिवशी बॅगा भरून घरी जाई.

घरी बिचाऱ्यांना बोलायची सोय नव्हती. बायको गेल्यापासून ते लेकीकडे राहत. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आतली लेक-जावयाची, बाहेरच्या हॉलमध्ये टीव्ही आणि टीव्हीसमोर मास्तरांचा पलंग. ऐकायला मोठी चैन वाटते. पण जावई बस चालवायचा, त्याची पहाटेची ड्यूटी, म्हणून सामना सुरू झाला की आवाज बंद. मास्तर उशी पोटाशी धरून मुके सामने बघत आणि गोल झाला की उशीत तोंड खुपसून ओरडत. लेक जीव लावायची, जावई कधी वाकड्या शब्दाने बोलला नाही, सगळं खरं. पण पोटात एवढं साठवून माणूस सकाळी कामावर आला की टेबलावर कापड अंथरायच्या आधी त्याचं तोंड सुटायचं.

आणि कारखान्यात तोंड सुटायला कुणाची ना नव्हती. देशोदेशींच्या फुटबॉलची ती मोठी स्पर्धा सुरू झाली की तिथे वाद घालणं हेच कामाचं पहिलं कलम होतं. दुकानदारांना सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जिंकलेल्या देशाचे झेंडे दुकानात हवे असत. ते काही जादूने शिवून होत नाहीत. म्हणजे कोण जिंकणार हे सामन्याच्या आधीच ठरवायचं आणि त्याप्रमाणे कापड कापायचं. म्हणून मशीन सुरू होण्याआधी सगळे कटिंगच्या टेबलाभोवती जमत आणि हां हां म्हणता हमरीतुमरीवर येत.

देशांची नावं तिथे कुणी घेत नसे. एकतर ती उच्चारताना जीभ अडखळायची, आणि दुसरं म्हणजे या मंडळींची देशांशी ओळखच कापडावरून झालेली. कुणी फुलीवाले, कुणी चांदणीवाले, कुणी सूर्यवाले. तीन रंगांच्या पट्ट्या उभ्या असल्या तर 'उभे तीन', आडव्या असल्या तर 'आडवे तीन', आणि पुढे रंग सांगायचे.

"गरुडवाले आज हरलेच पाहिजेत," मोठ्या ताई एका सकाळी म्हणाल्या. मोठ्या ताई म्हणजे कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या शिवणाऱ्या. मशीनवर बसल्या बसल्या त्या अख्ख्या कारखान्यावर नजर ठेवत.

"का हो ताई? काय बचाव आहे त्यांचा! भिंत आहे भिंत," इस्त्रीवाला म्हणाला. याला सगळे वाफ्या म्हणत. दिवसभर वाफेत उभा असायचा, आणि एकाच वादात तीनदा बाजू बदलायचा.

"बचाव घाल चुलीत. त्या एका गरुडाला पिसं किती आहेत ते शिवून बघ. ते फायनलला गेले तर मी रजेवर जाते."

"तसा त्यांचा बचाव म्हणजे अगदीच काही भिंत नाही म्हणा," वाफ्या लगेच म्हणाला.

"गरुडवाले तीन गोलांनी जिंकणार," मास्तरांनी खडू वर करून निकाल दिला, आणि मोठ्या ताईंचा जीव भांड्यात पडला. गरुडवाले आता नक्की हरणार होते. हरलेच.

या गर्दीच्या दिवसांपुरती म्हणून त्या वर्षी एक नवीन बाई कामाला आली होती. झेंड्याच्या काठीकडच्या कडेला पितळी रिंगा ठोकायचं तिचं काम. आधी ती ताडपत्रीच्या कारखान्यात रिंगा ठोकायची, तो बंद पडला. पन्नाशीची, अंगाने दणकट, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. जवळच एका खोलीत एकटी राहायची. तिला सगळे नुसतंच बाई म्हणत. बाईंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्याची त्यांना काडीची लाज नव्हती. पहिल्याच दिवशी सगळे चांदणीवाल्यांवर तावातावाने बोलत असताना बाईंनी त्यांच्या झेंड्याचं कापड दोन बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे काही टिकायचे नाहीत. दोरे सुटतायत."

मास्तरांना पहिल्यांदा हसू आलं, मग राग आला. "अहो बाई, खेळ पायांनी खेळतात, कापडाने नाही."

"तुम्ही कशाने सांगता मग?"

"अभ्यासाने."

"बरोबर येतं का?"

सगळा कारखाना खो खो हसला. मास्तरांनी चष्मा पुसला. त्या दिवशी चांदणीवाले जिंकले, म्हणजे बाईही तोंडावर पडल्या. पण मास्तर अंदाज चुकला की दोन दिवस कारणं सांगत बसत, आणि बाई मात्र "चुकलं की हो!" म्हणून टाळी देत. मास्तरांना याची मोठी गंमत वाटली. चुकणं इतकं सोपं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मग रोज बाईंना खेळ समजावून सांगायची जबाबदारी मास्तरांनी स्वतःकडे घेतली. कुणी दिली नव्हती. ऑफसाइड शिकवायला त्यांनी टेबलावर बॉबिन मांडले, खडूने रेघा मारल्या, एक बटण चेंडू म्हणून ठेवलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे जो मागच्यांना सोडून पुढे पळतो, त्याला शिक्षा?"

"साधारण तसंच."

"चांगला नियम आहे. आमच्या भावजयीला लावा."

मास्तरांना हसता हसता ठसका लागला. त्या रात्री मुका सामना बघताना त्यांच्या लक्षात आलं की आपण खेळाडूंकडे बघतच नाही आहोत. उद्या बाईंना हे कसं सांगायचं याचीच मनात जुळवाजुळव करतो आहोत. उशीत तोंड खुपसायचंही विसरले. सत्तावन्नाव्या वर्षी माणूस प्रेमात पडला होता. उगाच आडपडदा कशाला ठेवायचा, पडला होता.

सेमीफायनलच्या आदल्या सकाळी कारखान्याचं एकमत झालं, आणि हे नवलच होतं. निळे-पिवळे-हिरवे 'उभे तीन' जिंकणार. मास्तर एरवी विरोधात गेले असते, पण बाईंनी ते कापड चोळून "हे दमदार आहे" म्हटल्यावर त्यांची जीभ रेटेना. तीन रंगांचे तागे टेबलावर चढले, थर लागले. मास्तरांनी खडू हातात घेतला.

"बाई, फायनलला तुम्हाला पेनल्टी म्हणजे काय ते शिकवतो," ते म्हणाले.

"लवकर शिकवा मग. फायनल झाली की मी चालले भावाकडे. खोली सोडतेय. इथलं काम तेव्हा संपणार, आणि एकटीने इथे राहून करू तरी काय?"

रिंगा ठोकता ठोकता बाईंनी हे सहज सांगितलं. मास्तर "हो का?" म्हणाले. खाली वाकले आणि रेघा मारायला लागले. वाफ्या काहीतरी विचारत होता, त्याला ते हूं हूं करत राहिले. कातरयंत्र घरघरलं, कापड कापलं गेलं, पट्ट्यांचे गठ्ठे मशीनवाल्यांकडे गेले. मास्तरांनी कापलं म्हणजे बरोबरच असणार, असा तिथला विश्वास. कुणी वर मान करून पाहिलं नाही. मोठ्या ताईंनी शिवलं, बाकीच्यांनी शिवलं, बाईंनी रिंगा ठोकल्या, आणि जेवणाच्या सुट्टीआधी ढीग वाफ्याकडे इस्त्रीला गेला.

"हे कोण आडवे?" वाफ्याने एक झेंडा उचलून धरला.

निळा वर, पिवळा मध्ये, हिरवा खाली. पट्ट्या आडव्या.

"असतील कुणीतरी," मोठ्या ताई मशीन न थांबवता म्हणाल्या. "यांचं काही खरं नाही. अनुभव कमी पडणार."

"अनुभवाचं काय घेऊन बसलात ताई? पळतात कसे ते बघा! छुपे रुस्तम आहेत."

"तू कधी पाहिलेस?"

"पाहिले नाहीत, पण ऐकून आहे. गोली ताडमाड उंच आहे."

"उंच गोलीला खालचे चेंडू दिसत नाहीत," पलीकडच्या मशीनवरून कुणीतरी म्हणालं. मग काय, दोन तट पडले. एक तट म्हणे आडव्यांची मधली फळी म्हातारी झाली. दुसरा म्हणे, म्हातारी म्हणूनच डोक्याने खेळते. वाफ्याने दोनदा बाजू बदलली. बाईंनी कापडाला बोटं लावली आणि हे फायनल मारणार असं सांगून टाकलं. रंगात आलेला वाद चहा घेऊन आलेल्या मास्तरांनी दारातूनच ऐकला, ढिगाकडे पाहिलं आणि कपातला अर्धा चहा बशीत सांडला.

"हा संघ या स्पर्धेतच नाही," ते म्हणाले.

सगळ्यांची तोंडं उघडी ती उघडीच. उभ्या झेंड्याला तुकडे रुंद आणि आखूड लागतात, आडव्याला लांब आणि अरुंद. मास्तरांनी सगळेच्या सगळे लांब आणि अरुंद कापले होते. दूर कुठेतरी त्या झेंड्याचा एक चिमुकला देश होता खरा, पण तो पहिल्याच पात्रता फेरीत बाद होऊन केव्हाच घरी बसला होता. आणि हा कारखाना गेला अर्धा तास त्याच्या गोलीवरून भांडत होता.

मालक आले. ढीग पाहिला, मास्तरांना पाहिलं, पुन्हा ढीग पाहिला. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मास्तर, तुम्ही?" एवढंच म्हणाले. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी नवे तागे ओढले आणि कापायला घेतलं. सगळ्यांनी जेवणाची सुट्टी सोडली, मशीन धडधडू लागली, आणि संध्याकाळच्या आत उभे झेंडे तयार झाले.

"आता या आडव्यांचं करायचं काय?" मालकांनी कपाळाला हात लावला.

"मला द्या त्यातला एक," बाई म्हणाल्या. "मी आजपासून यांच्या बाजूने. हे काही केल्या हरू शकत नाहीत."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग कळलं, आणि आधी वाफ्या हसला, मग मोठ्या ताई, मग तर मालकसुद्धा मान खाली घालून हसू लागले. बाईंनी एक झेंडा रस्त्याकडच्या खिडकीत लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा पाववाला आला. त्याचे फुलीवाले आदल्या आठवड्यात बाद झाले होते आणि तेव्हापासून तो गिऱ्हाइकांशी धड बोलत नव्हता.

"हे कोण?" त्याने खिडकीकडे बोट केलं.

"हे हरत नाहीत," बाई म्हणाल्या.

"खेळतात कधी?"

"खेळत नाहीत. म्हणून तर हरत नाहीत."

पाववाला इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. झेंडा घेऊन गेला आणि दुकानाच्या दारावर ठोकला. त्याच्या मागून चांदणीवाल्यांचा एक टॅक्सीवाला आला, गरुडवाल्यांचं सबंध कुटुंब आलं, सायकलच्या दुकानातले दोघे भाऊ आले. ज्यांचे ज्यांचे संघ हरून घरी गेले, त्यांची रीघ लागली. हरलेली माणसंच नेहमी जास्त असतात, हे मालकांच्या पहिल्यांदा ध्यानात आलं. दोन दिवसांत रस्ताभर निळे-पिवळे-हिरवे आडवे झेंडे फडकत होते. चहाच्या टपरीवर त्या नसलेल्या संघाच्या डावपेचांवर खडाजंगी होऊ लागली. एक जण तर म्हणे चक्क चिडून उठून गेला.

मास्तर मात्र गप्प होते. मोठ्या ताईंना काही ते गप्प बसणं पटेना. फायनलच्या आदल्या दिवशी मास्तर वरच्या माळ्यावरून तागा आणायला गेले आणि बाई मागे हात धुवायला गेल्या, तेव्हा ताईंनी मशीन थांबवलं.

"सांगा बरं, मास्तरांनी आडवं कधी कापलं? बाई भावाकडे चालल्या म्हणाल्या, तेव्हा."

वाफ्याने इस्त्री खाली ठेवली. "म्हणजे?"

"म्हणजे तुझं डोकं! तीस वर्षांत माणूस चुकला नाही, आणि त्याच मिनिटाला चुकला."

हळूहळू प्रकाश पडला. आणि या मंडळींना दुसरी कुठली भाषा येत होती? लगेच चान्सची चर्चा सुरू झाली. एक जण म्हणे, मास्तरांचा बचाव चांगला आहे, पण आक्रमणाला पुढे कुणीच नाही. दुसरी म्हणे, सगळा वेळ चेंडू स्वतःकडे ठेवतात, पास कुठे देतात? वाफ्या म्हणाला, जागा आपल्याच मैदानाची आहे, त्याचा फायदा धरा. मोठ्या ताई म्हणाल्या, बाई ऐन वेळी उलटा हल्ला करणाऱ्यांतल्या आहेत, मास्तरांनी थांबून खेळावं.

मास्तर खांद्यावर तागा घेऊन जिन्यात उभे राहून हे सगळं ऐकत होते. दुसरा कुणी असता तर लाजेने परत वर गेला असता. पण अशी चर्चा चालू आहे आणि आपण तीत नाही, हे त्यांना जन्मात सहन झालं नसतं.

"साफ चुकताय तुम्ही!" ते धाडधाड खाली उतरले. "मास्तरांना काहीएक चान्स नाही. वय बघा. पोट बघा. राहायला घर आहे का? लेकीच्या हॉलमध्ये एक पलंग. माणसाने एखादीला विचारायचं, तर ये म्हणायचं कुठे? पलंगाखाली? लिहून ठेवा, मास्तर हरणार. सपशेल हरणार."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो. मग वाफ्याचा चेहरा उजळला.

"अरे, मास्तर म्हणतात हरणार!" तो ओरडला. "म्हणजे जिंकले!"

अशा टाळ्या पडल्या की बाई ओल्या हातांनी धावत बाहेर आल्या. "कोण जिंकलं?"

"अजून सामना व्हायचाय," मोठ्या ताई म्हणाल्या आणि मशीनवर वाकल्या.

फायनल रविवारी दुपारी होती. मालकांनी कटिंगच्या टेबलावर टीव्ही मांडून दिला आणि आवाज असा मोठा केला की खिडकीची तावदानं थरथरत होती. सूर्यवाले विरुद्ध उभे तीन. मास्तरांना कितीतरी वर्षांनी सामना कानांनी ऐकायला मिळत होता, आणि त्यांचं लक्ष कुठेच नव्हतं. त्यांनी मध्यंतरात बोलायचं ठरवलं होतं. मध्यंतरात बाई चहा करायला गेल्या आणि मदतीला वाफ्याही गेला, मेला. मग त्यांनी सामना संपताना बोलायचं ठरवलं. तेव्हा एक-एक अशी बरोबरी झाली. जादा वेळ मिळाला म्हणून जगात त्या दिवशी एवढा आनंद दुसऱ्या कुणाला झाला नसेल. तोही वेळ त्यांनी दाताने नखं खाण्यात घालवला. मग पेनल्टी आल्या. पेनल्टी म्हणजे काय ते शिकवायचं राहूनच गेलं होतं, पण बाईंना आपोआप कळलं. त्या खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या, हातात पदर घट्ट धरलेला.

शेवटची पेनल्टी. मारणारा चेंडू ठेवून मागे सरकला. आता नाही तर कधीच नाही, असं मास्तरांना वाटलं.

"बाई, माझं एक ऐका..."

"थांबा हो! मारतोय तो!"

मास्तर थांबले. त्याने मारला. गोली डावीकडे झेपावला, चेंडू उजवीकडून आत. सूर्यवाले जिंकले, आणि खोलीत असा कल्ला झाला की सांगता सोय नाही. सकाळपासून उभ्या तिनांच्या बाजूचा असलेला वाफ्या सूर्यवाल्यांसाठी नाचत होता. बाई मोठ्या ताईंना मिठी मारून उड्या मारत होत्या. मग त्या धापा टाकत मास्तरांकडे वळल्या. चेहरा लालबुंद, केस सुटलेले.

"हं, बोला. काय म्हणत होता?"

"जाऊ नका."

"कुठे?"

"भावाकडे."

"का?"

जगातल्या कुठल्याही संघावर तास न् तास बोलणाऱ्या या माणसाला पुढचा शब्द सापडेना. खोलीतला गलका आपोआप खाली बसत गेला. वाफ्याने टीव्ही बंद केला. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून हाताला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"तुम्ही मला आवडता," ते एकदाचे म्हणाले. "फार आवडता. सकाळी इथे येतो तो तुमच्याशी भांडायला येतो. पण विचारू कुठल्या तोंडाने? मला घर नाही. तुम्हाला न्यायचं झालं तर नेऊ कुठे?"

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"मला न्या असं कुणी सांगितलं तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "माझी खोली आहे की. सोडायची म्हणत होते, नाही सोडत. तुम्ही या."

"मी?"

"मग कोण, गोलकीपर? मी तर तुमच्या तोंडाकडे बघून बघून थकले. म्हटलं हा माणूस पंचवीस देशांचं भविष्य सांगतो, आणि समोर बसलेल्या बाईच्या मनातलं याला दिसत नाही. एकच अट आहे. सामने असेच मोठ्या आवाजात बघायचे. मजा आली मला आज."

"घरजावई!" वाफ्या किंचाळला. "मास्तर या वयात घरजावई झाले!" मग जो हशा उठला तो पाववाल्याच्या दुकानापर्यंत ऐकू गेला असणार. मास्तर हसत होते आणि चष्म्याखालून डोळे पुसत होते, आणि कुणाला दिसलं तरी त्यांना त्याचं काही नव्हतं.

लेकीला सांगायची मात्र त्यांची छाती होईना. घरी येऊन त्यांनी आधी सूर्यवाल्यांचा सामना सांगितला, मग जादा वेळ सांगितला, मग पेनल्टी एकेक करून सांगितल्या, आणि पाचवीनंतर एका दमात बाकीचं सांगून टाकलं. लेक भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. मग उठली, कपाट उघडलं आणि त्यांचे सदरे घडी करायला घेतले.

"इतक्यात कशाला?" मास्तर घाबरून म्हणाले.

"चुरगळलेले सदरे घेऊन जाणार का तिथे? काय म्हणतील?"

पुढच्या आठवड्यात दोघांनी कचेरीत जाऊन सह्या केल्या. साक्षीदार म्हणून मोठ्या ताई आणि वाफ्या, आणि वाफ्याने सही करायला मालकांचं पेन मागून घेतलं. त्याच संध्याकाळी जावई बस डेपोत लावून युनिफॉर्मवरच आला आणि मास्तरांची बॅग उचलून जिना उतरायला लागला. लेक दारात उभी होती.

"तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी वाद घालत बसू नका," ती म्हणाली. "जेवणाला नावं ठेवायची नाहीत. गोळ्या वेळेवर घ्या. रात्री उशीर होणार असेल तर आधी सांगून जात जा, त्या वाट बघतील. आणि त्यांना एकदम 'अहो बाई' करून ओरडू नका. जरा गोडीने घ्या."

"हो," मास्तर म्हणाले. "हो, हो."

"स्वतःचा चहाचा कप स्वतः धुवा."

"धुतो." त्यांनी चपला घातल्या. हॉलमध्ये टीव्हीसमोर पलंग उघडा पडला होता, वर चादर नव्हती. त्यांना काहीतरी गमतीचं बोलून वेळ मारून न्यायची होती, ते जमेना. "येईन गं मी. रविवारी येत जाईन."

लेकीने इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं. तिने त्यांच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली, ती आधीच सरळ होती.

"रविवारच कशाला?" ती रडत रडत म्हणाली. "हे तुमचं माहेर आहे, बाबा. वाटेल तेव्हा या."

दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचायच्या आधीच मास्तर पायरीवर बसले आणि सत्तावन्न वर्षांचा माणूस ढसाढसा रडला. जावयाने बॅग खाली ठेवली, युनिफॉर्मची टोपी काढली आणि तो त्यांच्या शेजारी बसून राहिला.